तोंडातली मोपेड आणि बाईचा गुडघा

कुत्र्याची गोष्ट म्हटली की तुम्ही आधीच रुमाल काढून बसता, मला माहीत आहे. शेवटच्या पानावर कुत्रं जाणार, मालक आभाळाकडे बघणार, तुम्ही नाक ओढणार. ठेवा तो रुमाल खिशात. किंवा नका ठेवू, मी कशाला आत्ताच सांगू? काही जण म्हणतील, हा पोट्टा नकला करतो, म्हणजे हसायचं असेल. त्यांनीही जरा तोंड मिटून घ्या. या गोष्टीत मी एकच नक्कल एकदम फर्स्टक्लास केली, आणि त्यानंतर माझी अशी टरकली की चार दिवस मला माझाही आवाज धड काढता येईना.

एवढंच सांगतो, यात एक गुडघा आहे आणि तो माझा नाही.

गुडघा बाईचा. बाई म्हणजे आमची कुत्री. तिचं एक इंग्रजी नाव होतं, पण ते अकोटात कोणाच्या तोंडात बसलं नाही. आम्ही अकोटच्या बाहेर शेवंती आणि झेंडू लावणारे लोक. नऊ वर्षांपूर्वी एका साहेबांची बदली झाली आणि त्यांनी लॅब्रॅडॉरचं पिल्लू "दोन दिवस सांभाळा" म्हणून बाबांच्या हातात दिलं. ते दोन दिवस अजून चालू आहेत. बाबा तिला बाई म्हणायला लागले, मग सगळेच म्हणायला लागले. आईनं तिला भाकरी, दूध आणि उरलीसुरली केळी घालून घालून असं केलं की येणारे-जाणारे विचारायचे, "गाभण हाय काय वं?"

बाईचा दिवसभराचा कार्यक्रम ठरलेला. सकाळी बाबा फुलांची पोती मोपेडवर घालून बाजारात गेले की ही ओट्यावर जाऊन बसायची. दुपारी मोपेड गल्लीच्या तोंडाशी आली की हिचे कान उठायचे. मोपेड दारात येऊन बंद पडायची. बंद करावी लागत नसे, तीच पडायची. मग स्टँडचा खटाक्, मग बाबांचं खाकरणं. ते खाकरणं पुरं व्हायच्या आत बाई ओट्यावरून उडी टाकून बाबांच्या पायात. रोज. नऊ वर्षं.

त्या उड्या आणि ती केळी, दोघांनी मिळून यंदा तिचा मागचा डावा गुडघा घेतला. एका दुपारी ती उडी मारून खाली आली आणि तो पाय तिनं परत टेकवलाच नाही. शेजारचे एक काका आले, बघून म्हणाले, "डाग दे, बैलासारखी ठीक होईन." आमच्याकडे बैल लंगडला की विळा लाल करून सांध्यावर टेकवतात, त्याला डाग देणं म्हणतात. बाबांनी तरुणपणी एका बैलाला दिला होता. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. काकांना त्यांनी चहासुद्धा न देता वाटेला लावलं.

मग अकोल्याला जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एका हातात तिची मांडी धरली, दुसऱ्या हातात गुडघ्याखालची नळी, म्हणजे नडगीचं हाड, आणि अंगठ्यानं नळी पुढे ढकलली. ती सरकली. अगदी टेबलाचा ड्रॉवर सरकतो तशी. मी तिथंच उभा होतो. मांसाच्या आतलं हाड असं सरकताना मी पहिल्यांदाच बघितलं.

"आतला दोर तुटलाय," डॉक्टर म्हणाले. "लिगामेंट."

ऑपरेशन झालं. तुटलेल्याच्या जागी जाड नवा दोरा घातला. पण बाहेर आल्यावर डॉक्टर हसले नाहीत. भूल दिल्यावर बाईचं हृदय मध्येच अडखळलं होतं. त्यांनी बाबांना बाजूला घेतलं, मी मागे कान लावून होतो. ते म्हणाले, पुन्हा भूल द्यायची वेळ येऊ देऊ नका. हा दोरा आता तुटला तर मी परत उघडणार नाही. मग सगळा भार दुसऱ्या गुडघ्यावर येईल, तोही जाईल, आणि एवढ्या वजनाची कुत्री मग उठणार नाही. ऑपरेशन म्हणजे अर्धंच काम. उरलेलं अर्धं फिजिओथेरपीचं.

"म्हंजे?" बाबा म्हणाले.

"व्यायाम. शेक, मालिश, पाण्यात चालवणं. आठ आठवडे. अमरावतीला एक मॅडम करतात, राजापेठेत."

"कुत्र्याले व्यायाम?" बाबा म्हणाले. "मायी कंबर तीन वर्सांपासून दुखून राहिली, मले तं कोनी मंतलं नाई व्यायाम कर."

पण गाडीत बसल्या बसल्या माझ्याकडे वळले. मी राजापेठेत खोली घेऊन राहतो, स्पर्धा परीक्षेचा क्लास करतो.

"तुही खोली खालीच हाय ना? पायऱ्या नाई?"

"नाई."

"अन् तुले काही काम तं नाई."

"बाबा, मी अभ्यास..."

"तेच म्हणून राहिलो. काम नाई."

असा बाईचा आणि माझा संसार सुरू झाला. खोलीत मी, माझा रूम पार्टनर, एक कूलर आणि ही. पहिल्याच दिवशी मॅडम खोली बघायला आल्या. फरशी बघून त्यांनी कपाळाला हात लावला. चकचकीत फरशी दुखऱ्या पायाला बर्फासारखी असते म्हणाल्या. बाबांनी दुसऱ्या दिवशी एसटीनं फुलांची रिकामी पोती पाठवली, ती आम्ही खोलीभर अंथरली. दारापाशी दोन हात फरशी तेवढी उघडी राहिली, पोती पुरली नाहीत. दोन महिने आमच्या खोलीला देवळासारखा वास येत होता. पार्टनर म्हणायचा, "इथं चप्पल घालून येताना मले पाप लागल्यासारखं वाटते बे."

मॅडमनी नियम सांगितले. पायऱ्या नाहीत, पलंग नाही, उडी तर अजिबातच नाही. बाहेर नेताना पोटाखालून दुपट्टा घालून अर्धं वजन आपण धरायचं. आणि शेवटी म्हणाल्या, "हिला सगळ्यात जास्त आनंद कशानं होतो?"

"बाबांनी."

"मग बाबांना म्हणावं, आत्ता येऊ नका. आनंद झाला की ती पाय विसरेल."

मी फोन करून सांगितलं. मला वाटलं बाबा चिडतील. मागे कोणाचं तरी वाटाघाटीचं बोलणं ऐकू येत होतं.

"मंग मी येत नाई," ते म्हणाले. "अन् फोन स्पीकरवर नको ठेवत जाऊ. मायावाला आवाज तिले ऐकू देऊ नको. उगीच दाराकडे पाहीन."

रोज दुपारी फोन यायचा. मी बाहेर गल्लीत जाऊन घ्यायचो. बाबा हळू आवाजात विचारायचे, "टेकवते काय?" मी म्हणायचो, थोडा थोडा. एवढंच.

आता मी भ्यायला कधीपासून लागलो ते सांगतो. पहिल्या दिवसापासून. तो पाय भादरलेला होता, गुलाबी, टाक्यांची ओळ दिसत होती, आणि तो मला हातात धरायचा होता. आधी ओल्या गरम टॉवेलचा शेक, मग मांडीला हलकी मालिश, मग पाय धरून दहा वेळा वाकवायचा, दहा वेळा सरळ करायचा.

"दुखलं की ती मान वळवून तुमच्याकडे बघेल," मॅडम म्हणाल्या. "तिथेच थांबायचं."

"अन् नाई वळवली तर?"

"तर तुम्ही तिच्या तोंडाकडे बघत नाही आहात."

पहिल्यांदा वाकवला तेव्हा आतून बारीकसा 'टक्' असा आवाज आला आणि मी पाय सोडून भिंतीला जाऊन टेकलो. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, होतो कधी कधी, तिनं मान वळवली का? नव्हती वळवली. बाई जांभई देत होती. त्यानंतर मी रोज मोजताना एक ते दहा मोठ्यानं म्हणायचो, म्हणजे तो 'टक्' ऐकू येऊ नये.

खरी पंचाईत उठण्याची. दिवसातून चार वेळा तिला नीट बसवायचं आणि नीट उठवायचं, दोन्ही पायांवर सारखा भार टाकून. बाई उठायचीच नाही. मी हाका मारल्या, बिस्किट दाखवलं, हात जोडले. ती माझ्याकडे अशी बघायची, जसा आमच्या शाळेतला शिपाई उशिरा आलेल्या पोरांकडे बघायचा. तिच्या हिशोबात मी घरातला माणूसच नव्हतो, मी म्हणजे ज्याच्या ताटातून सांडतं तो. चौथ्या दिवशी मला भीती वाटायला लागली की ही आता अशीच पडून राहणार, पायाची वाळून काडी होणार, आणि बाबांना मी काय सांगणार.

मग मी ते केलं. शाळेत मी मास्तरांचे आवाज काढायचो, एसटीच्या कंडक्टरचा काढायचो, मॅडमचा तर पहिल्याच दिवशी काढला होता. पण बाबांचा आवाज मी बाबांच्या माघारीसुद्धा कधी मोठ्यानं काढला नव्हता. खाकरलो. घशात खाली उतरलो, जिथं ते बोलतात तिथं. आणि म्हणालो, "ऊठ वं बाई."

ती उठली. इकडे-तिकडे बघितलं, दाराकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. डोकं तिरपं केलं. पण उठली, आणि डावा पाय टेकवला. पार्टनर पलंगावरून म्हणाला, "अबे, मले पन उठावंसं वाटलं."

त्यानंतर रोजच. ऊठ वं बाई. बस वं बाई. हळू, हळू, माय. मॅडमकडे गेलो की त्या तिला कोमट पाण्याच्या टाकीत उतरवायच्या, छातीपर्यंत पाणी, म्हणजे वजन पायावर येत नाही, आणि मी टाकीच्या टोकाला उभा राहून बाबांच्या आवाजात बोलवायचो. मॅडमची हसून हसून पुरेवाट. म्हणाल्या, "चालेल, पण उठण्यापुरतं आणि चालण्यापुरतं. खेळ नको करू त्याचा." मी मान हलवली. बाबांना यातलं काहीच सांगितलं नाही. पाचवा आठवडा लागला तेव्हा ती चारही पायांवर दारापर्यंत जात होती, आणि मी फोनवर बाबांना म्हणालो, "टेकवते." पलीकडे ते एवढंच म्हणाले, "हं." पण त्या 'हं'ची नक्कल मला अजून जमलेली नाही.

त्या आठवड्यात ऊन असं पडलं होतं की दुपारी राजापेठेतलं डांबर चपलेला चिकटायचं. कूलरचा वारा पलंगाच्या उंचीवर येतो, खाली पोत्यांवर येतच नाही. बाई जीभ काढून धापा टाकत होती. मी तिला उचलून पलंगावर ठेवलं. पलंग नाही, हा नियम मला पाठ होता. मी स्वतःला सांगितलं, मी इथंच बसलोय, माझा हात तिच्या पाठीवर आहे.

पार्टनर जेवण करून आडवा झाला होता. म्हणाला, "काय बे, बापाचा आवाज तं रोजच ऐकून राहिलो. बापाची गाडी काढ ना एकडाव."

आता कलाकाराला कोणीतरी म्हणावं लागतं फक्त. मी पाठीवरचा हात काढला, कारण मोपेडला दोन्ही हात लागतात, एक तोंडापुढे आणि एक घशावर. लांबून सुरू केली, गल्लीच्या तोंडापासून. फट् फट् फट् फट्. खड्ड्यात उतरली, चढली, आवाज घोगरा झाला. पार्टनर पोट धरून हसायला लागला, त्यामुळे मला अजून चढलं. दाराशी आणली, गचके दिले, बंद पाडली. मग डोळे मिटून मन लावून स्टँड टाकला. खटाक्.

खाकरायला तोंड उघडलं आणि पलंग हलला.

डोळे उघडले तेव्हा पलंगावर कोणी नव्हतं. ती पोत्यांवर पडून उठली होती, दाराकडे धावत होती, आणि दारापाशी जी दोन हात फरशी उघडी होती तिथं तिचे मागचे पाय तिच्या खालून निघून गेले. फरशीवर नखांचा जो आवाज आला तो मी आता लिहितानाही ऐकतोय. ती पडली. उठली. डावा पाय पोटाशी घेऊन तीन पायांवर फाटकापर्यंत गेली.

आणि तिथं उभी राहून गल्लीत बघत राहिली. उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. परत उजवीकडे. एक ऑटो गेला, एक सायकल गेली. ती भुंकली नाही, रडली नाही. मग हळूच उजव्या अंगावर बसली.

पार्टनरचं हसू कुठं गेलं कळलंच नाही. "अबे," तो म्हणाला, "अबे, हे काय झालं बे?"

मी धावत तिच्याजवळ गेलो. गुडघ्याला हात लावला तर गरम लागत होता. बाईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिथेच थांबायचं. मी थांबलो. डोक्यात अकोल्याच्या डॉक्टरांचं एकच वाक्य फिरत होतं, मी परत उघडणार नाही. मला दिसायला लागलं की हा दोरा आत तुटून लोंबतोय, ही आता उठणार नाही, बाबा दुपारी दारात गाडी बंद पाडणार आणि ओट्यावर कोणी नसणार. आणि हे सगळं कशामुळे, तर एका पोट्ट्याला हसवायचं होतं म्हणून.

भ्यालेला माणूस किती अक्कल वापरतो बघा. मी मॅडमना फोन लावला, आणि त्यांनी हॅलो म्हटल्याबरोबर माझ्या घशातून बाबा बोलायला लागले.

"मॅडम, मी बाईचा मालक बोलून राहिलो, अकोटवरून आलो. पोट्टं क्लासले गेलं. बाई पानी प्याले उठली अन् घसरली जी."

मग मॅडम अगदी नम्रपणे म्हणाल्या, "बरं काका. तिला चालवू नका. पायाला हात लावू नका. लगेच घेऊन या."

पार्टनर माझ्याकडे भूत बघितल्यासारखा बघत होता. "मॅडमनं तं तुहा हा आवाज रोज ऐकला बे," तो म्हणाला.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दोघांनी मिळून तिला पोत्यावर घेतलं, पोतं चारी कोपऱ्यांनी धरलं आणि ऑटोत ठेवलं. मी खाली बसलो, तिचं डोकं मांडीवर. ऑटोवाल्याला म्हटलं, भाऊ हळू, खड्डे चुकव. तो मागे वळून म्हणाला, "कुत्री हाय का नवरी?" एरवी मी त्याला चार वाक्यं सुनावली असती, त्याच्याच आवाजात. आज नाही. प्रत्येक खड्ड्याला मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, मान वळवते का.

मॅडम दारातच उभ्या होत्या. बाईकडे बघितलं, मग आमच्या मागे बघितलं.

"काका नाही आले?"

मी खाली बघितलं.

"टेबलावर नको, खाली गादीवर ठेवा," त्या म्हणाल्या. बसल्या. बाईच्या मांडीच्या आतल्या बाजूनं बोटं फिरवायला लागल्या. "पाणी प्यायला उठली. पाय बाहेर फाकला ना? बाजूला?"

मी पोत्याचं टोक चुरगाळत होतो.

"हे बघ," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, त्यानं जास्त भीती वाटली. "नुसती घसरली असेल तर मी मांडीचा आतला स्नायू बघते, गुडघा आज दाबत नाही, उगाच दुखवायचा कशाला. वरून उडी मारली असेल तर सगळा भार गुडघ्यावर आला, मग मला तो आत्ताच बघावा लागेल. तू जे सांगशील ते मी करणार. कुठून पडली?"

"पलंगावरून," मी म्हणालो. माझाच आवाज होता, पण फार बारीक निघाला. "उडी मारली. अन् मग घसरली."

"का मारली?"

"मी बाबांची गाडी काढली."

त्यांना कळेना. "कुठून काढली?"

"तोंडातून."

पार्टनरनं मान खाली घातली. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बाईची मांडी एका हातात धरली आणि दुसऱ्या हातात नळी. मला माहीत होतं आता काय होणार. अंगठा कुठं ठेवतात ते अकोल्याला बघितलं होतं. मला डोळे मिटायचे होते, पण मी दुपारी एकदा डोळे मिटले होते, तेवढे पुरे झाले. बघितलं. मॅडमचा अंगठा पांढरा पडला इतका दाबला. थांबल्या. परत दाबला. बाईनं मान वळवली, माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे.

हाड सरकलं नाही.

"दोरा धरून आहे," मॅडम म्हणाल्या. "स्नायू ओढला गेलाय, आत सूज आहे. पण ती पाय टेकवते का हे बघितल्याशिवाय मी ठीक म्हणणार नाही. उठव तिला."

मी खाकरलो. बाबांचा आवाज काढायला गेलो आणि घशातून नुसती हवा आली. परत केला. मांजर अडकल्यासारखं काहीतरी निघालं. बाई पडूनच. थरथरत होती ती आता, पाय पोटाशी धरून.

"बाबांना फोन लाव," मॅडम म्हणाल्या. "खऱ्या बाबांना."

मी म्हटलं, मॅडम, नको. त्यांनी हात पुढे केला. मी फोन लावला. बाबांनी उचलला, नेहमीसारखं हळू आवाजात विचारलं, "टेकवते काय?" आणि मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, न थांबता, पलंग, कूलर, गाडी, खटाक्, फाटक.

मग बाबा म्हणाले, "स्पीकरवर ठेव."

ठेवला. फोन गादीवर, तिच्या नाकाजवळ.

बाबा खाकरले. "बाई," ते म्हणाले. "ऊठ वं माय."

पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिनं खरा आवाज ऐकला होता. तिचे कान उठले. शेपटी हलली. आणि तिनं मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं.

फोनकडे नाही. माझ्या तोंडाकडे, एकदम निरखून, आता हे काय नवीन करतंय म्हणून. मी ओठ घट्ट मिटले. बाबा पुन्हा म्हणाले, "ऊठ ना वं, बाई." ती माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघत पुढच्या पायांवर उठली, मागचं अंग उचललं, आणि माझ्याकडे यायला एक पाऊल टाकलं. डावा पाय खाली आला. बोटं टेकली. मग उचलला. मग परत टेकवला.

"टेकवला," मॅडम फोनकडे वाकून म्हणाल्या. "टेकवतेय काका. तीन आठवडे मागे गेलो आपण, पण गुडघा आहे."

"हं," बाबा म्हणाले. मग विचारलं, "माह्या आवाजानं कुठी पाहून राहिली ती? दाराकडे?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी फोन त्यांच्याकडे सरकवला. त्यांनीच सांगितलं.

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले, एसटीनं. मला वाटलं होतं गल्लीच्या तोंडापासूनच आवाज सुरू होईल. पण मी दारात बघितलं तर ते वहाणा हातात घेऊन, तापलेल्या डांबरावरून अनवाणी येत होते, तिला पावलं ऐकू जाऊ नयेत म्हणून. खाकरले नाहीत. आत येऊन दोन पावलांत तिच्याजवळ खाली बसले, तिला उठावंच लागू नये म्हणून, आणि तिचं डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं. बाईच्या शेपटीनं पोत्यांतली धूळ उडवली. त्यांनी बराच वेळ तिच्या कानात काहीतरी सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही.

मग माझ्याकडे बघितलं आणि रागवायला सुरुवात केली. कुजबुजत. बाईनं उसळू नये म्हणून. तुम्हाला कोणी कधी कुजबुजत शिव्या दिल्यात का? नको. ओरडलेलं बरं.

"काय रे नकल्या. पाच हप्ते मी अकोटात बसलो. एसटी रोज दारावरून जाते, मी बसलो नाई. तुही माय म्हणे जाऊन या, लांबून पाहून या, मी मंतलं नाई, तिचा पाय हाय. फोनवर तोंड दाबून बोलून राहिलो मी, चोरासारखा. काहून? तिनं दाराकडे पाहू नये म्हणून. अन् तू! तू मले इथी रोज आनून राहिला? व्यायामाले आनलं, चाल, त्याचं मी काही म्हणत नाई. पन गाडी? गाडी कायले आनली बे? ती फाटकापर्यंत गेली ना? तिथी कोन होतं? सांग ना. कोन होतं तिथी?"

"कोनी नाई."

"तोंड वर करून बोल. आता कुठी गेला तो आवाज? अन् मॅडमले फोन करून मीच बोललो म्हणे. काय मंतलं मी? पोट्टं क्लासले गेलं? वा. मले मायाच पोट्ट्यासाठी खोटं बोलाले लावलं, अन् मले पत्ता नाई."

पार्टनर कोपऱ्यात हसू दाबत होता.

"तू कायले दात काढून राहिला? गाडी काढ कोन मंतलं? तूच ना? तुह्या बापाले फोन लावू काय अकोल्याले?"

तेवढ्यात बाबांच्या खिशातला फोन वाजला, आईचा. त्यांनी तो माझ्या हातात दिला. आईला कुजबुजायचं कारण नव्हतं. मी फोन कानापासून हातभर लांब धरला तरी सगळ्या खोलीला ऐकू येत होतं, बाईलासुद्धा. केळी मी चारली म्हणून मले सगळे बोलले, आता तुले काय बोलू सांग, एवढं लेकरावानी जपलं, अन् जेवला काय रे तू?

फोन बंद झाला. बाबांनी बाईचा डावा पाय हलक्या हातानं उचलून मांडीवर घेतला आणि मला कागद मागितला, मॅडमचा, व्यायामाचा. डोळ्यांपासून लांब धरून वाचला. शेक, दहा वेळा वाकवणे, दहा वेळा सरळ करणे.

"आजपासून मी करतो," ते म्हणाले. "तू इथी बस, मोज. तुह्या सोताच्या आवाजात मोज. अन् आठ हप्ते होईस्तोवर या खोलीत गाडीचा आवाज आला नं, फटफटी नाई, सायकलची घंटी जरी वाजली तोंडातून, तं बाईले सोडीन अन् तुले बांधीन. या पोत्यावर. पलंग नाई, पायऱ्या नाई, उडी नाई. मोज लवकर, कायचा पाहून राहिला मायाकडे?"

"एक," मी म्हणालो.

"मोठ्यानं."

"एक."

"एवढ्या मोठ्यानं नाई बे, गाढवा! ती उठते ना!"